लूज न ठेवता शिवलेले चौदा पोशाख

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्यात माझी अनेक वर्षे गेली असल्यामुळे मापापेक्षा दोन-तीन इंच लूज ठेवण्याची सवय हाताला पक्की बसलेली आहे. त्यामुळे एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी १४ मुलींचे नृत्याचे ताणणारे पोशाख शिवण्याचे काम आले, तेव्हा मी ते सहज स्वीकारले. नृत्यशिक्षिका ‘लिओटार्ड’ म्हणत होत्या, शाळेच्या कागदावर ‘बॉडीसूट’ लिहिले होते आणि मला दिलेल्या छायाचित्रातील मुलींचे पाय मात्र घोट्यापर्यंत झाकलेले होते.

हा घोळ निस्तरण्यातच दोन दिवस गेले. लिओटार्ड फक्त धड झाकतो व मांडीच्या मुळाशी संपतो, म्हणून त्याच्याबरोबर बहुधा टाइट्स, म्हणजे पायांना घट्ट बसणारे कंबरेपर्यंतचे लांब मोजे, घालतात. तोच पोशाख सलग घोट्यापर्यंत नेला की युनिटार्ड, आणि मांडीच्या मध्यावर थांबवला की बाइकटार्ड. खांद्यावर बारीक पट्टी असेल तर कॅमिसोल, रुंद असेल तर टँक. बॉडीसूट हा सैल शब्द आहे. बाजारात त्या नावाने मिळणाऱ्या कपड्यांना खाली अनेकदा बटणे असतात, जी उड्या मारताना निघू शकतात. (लिओटार्डला नाव मिळाले ते १८५९ मध्ये पॅरिसात झुल्यावरच्या कसरती दाखवणाऱ्या ज्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूवरून.) मुली अनवाणी नाचणार असल्याने आम्ही टँक पट्टीचा युनिटार्ड ठरवला.

पहिला नमुना बिघडला, आणि त्यात चूक माझीच होती. मी आणलेले लायक्रा कापड आडवे छान ताणत होते, उभे मात्र जवळजवळ नाही. मुलीने हात वर करताच पट्ट्या खांद्यात रुतल्या आणि पाय फाकवताच साध्या सरळ टाक्याची शिवण उसवली. दोन्ही दिशांना ताणणारे नायलॉन-लायक्रा आणल्यावर पुढचे काम सुरळीत झाले. कापड घेताना ते मुठीवर ताणून पाहावे, कारण फिकट रंग ताणल्यावर पारदर्शक होतो. साध्या टोकदार सुईने टाके सुटत होते, कारण ती विणीच्या धाग्यात घुसते. गोल टोकाची सुई धाग्यांमधून वाट काढते. शिवण ओव्हरलॉकने (कापडाची कड गुंफत शिवणाऱ्या यंत्राने) किंवा झिगझॅग टाक्याने घातली की कापडाबरोबर तीही ताणते.

सर्वांत अवघड होते ते माप. छाती, कंबर आणि उंची पुरेशी नसते. खांद्यावरून निघून पुढून दोन्ही पायांच्या मधून मागे वळून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवावी लागते. हे माप कमी पडले तर मुलीला ताठ उभे राहता येत नाही आणि जास्त झाले तर पोशाख खाली लोंबतो. शिवाय येथे लूज तर द्यायचा नाहीच, उलट कापड अंगाच्या मापापेक्षा कमी कापायचे. प्रत्येक मुलीचे कापड कापताना माझा हात अडखळत होता, हे मी कबूल करते.

पोशाख देताना प्रत्येक पालकाला सांगितले होते की तो थंड पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा आणि त्याला इस्त्री लावू नये, कारण उष्णतेने लायक्राचा ताण जातो. तरीही कार्यक्रमाच्या सकाळी एका आईने तो कडक इस्त्री करून पाठवला, आणि इस्त्रीला चिकटून वितळलेल्या गुडघ्यावरच्या कापडाच्या जागी मला घाईघाईने नवा तुकडा जोडावा लागला.