ओडिलच्या डोंगरावरून एर्स्टाइनकडे : एका सम्राज्ञीचे माहेर

सम्राट पहिला लोथार म्हटले की 843 चा व्हर्डनचा तह आठवतो, शार्लमेनच्या साम्राज्याची त्याच्या तीन नातवांत झालेली वाटणी आठवते. लोथारची पत्नी एर्मेनगार्ड मात्र एका ओळीत आटोपते : तूरचा काउंट ह्यूगो याची मुलगी, लग्न 821, मृत्यू 851. मला ती ओळ पुरली नाही. तिचे माहेर आल्सेसचे, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या पूर्व कडेला, ऱ्हाइनच्या काठचे. स्ट्रासबुर्गला मुक्काम होता, तेव्हा कॅथीड्रल पाहून झाल्यावर मी त्या माहेरचीच वाट धरली.

ओबेर्नेपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. द्राक्षांचे मळे मागे पडतात, रस्ता जंगलात शिरतो आणि वळणे घेत साधारण 760 मीटर उंचीच्या माथ्यावर पोचतो. हा ओडिलचा डोंगर. जुने नाव होहेनबुर्ग. कड्यावर मठ आहे, आणि पठाराभोवती प्रचंड दगडी चिऱ्यांची सुमारे दहा किलोमीटर लांबीची प्राचीन तटबंदी. मठाच्या कठड्यापाशी उभे राहिले की खाली अख्खे ऱ्हाइनचे मैदान पसरलेले दिसते. एर्मेनगार्डच्या माहेरचे घराणे इथूनच का वाढले, ते सांगायला वेगळा वाटाड्या लागत नाही.

सातव्या शतकाच्या शेवटी आल्सेसचा ड्यूक होता अ‍ॅडालरिक उर्फ एटिखो. त्याच्यावरूनच अभ्यासक या कुळाला एटिखोनिड म्हणतात. ओडिल ही त्याची मुलगी. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या चरित्रात अशी कथा येते, की ती जन्मतः आंधळी होती म्हणून बापाने तिला मारून टाकायचे ठरवले. दाईने तिला लपवून दूरच्या मठात नेले आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिला दृष्टी आली. पुढे त्याच बापाने आपला हा गड मठासाठी तिच्या हवाली केला. आवारातल्या बाराव्या शतकातल्या कोरीव दगडावर तो प्रसंग आहे : अ‍ॅडालरिक मुलीच्या हाती दानपत्र देतो आहे. मी त्या दगडापाशी बराच वेळ थांबले. एका खांबावर इतका मोठा कौटुंबिक इतिहास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ओडिलची दगडी शवपेटी शेजारच्या छोट्या चॅपेलमध्ये आहे. लोक येतात, हात लावतात, डोळे मिटून उभे राहतात. मठाखालच्या झऱ्याचे पाणी डोळ्यांना लावायची प्रथाही अजून चालू आहे.

आता एर्मेनगार्डपर्यंत पोचायचे कसे? त्या काळी आडनावे नव्हती. कागद म्हणजे मठांना दिलेली दानपत्रे आणि प्रार्थनेत घ्यायच्या नावांच्या याद्या. अशा वेळी अभ्यासक नावांचा माग काढतात, कारण आजोबाचे नाव नातवाला ठेवायची रीत आपल्यासारखीच त्यांच्यातही होती. ओडिलच्या भावांत एक ह्यूगो आहे. दुसरा भाऊ अ‍ॅडालबर्ट. त्याची मुले लिउटफ्रिड आणि एबेरहार्ड. एबेरहार्डने 728 च्या सुमारास मुरबाखचा मठ स्थापला, तर अ‍ॅडालबर्टची मुलगी अटाला स्ट्रासबुर्गच्या सेंट स्टीफन मठाची प्रमुख झाली. नवव्या शतकात आपला काउंट ह्यूगो येतो. त्याच्या एका मुलाचे नाव लिउटफ्रिड, दुसऱ्याचे ह्यूगो, आणि जमिनी याच आल्सेसमधल्या. मधल्या एकेका पिढीवर अभ्यासकांत वाद आहेत. तरी कूळ तेच, हे बहुतेकांना मान्य आहे आणि मलाही ते पटते.

ह्यूगो साधा माणूस नव्हता. शार्लमेनने 811 मध्ये त्याला वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठवले होते. 821 मध्ये तिओनव्हिल इथे त्याच्या मुलीचे लग्न लोथारशी झाले आणि तो लोथारच्या वडिलांचा, म्हणजे शार्लमेननंतरच्या सम्राट लुईचा, व्याही झाला. पुढे स्पेनच्या सरहद्दीवर कुमक घेऊन उशिरा पोचल्याचा ठपका आला, 828 मध्ये पदे गेली. टेगान या समकालीन चरित्रकाराने त्याला भित्रा ठरवले. टेगान मात्र लोथारच्या विरुद्ध बाजूचा, म्हणून त्याचा शेरा मी तरी जपूनच वाचते. ह्यूगो जावयाबरोबर इटलीत गेला आणि 837 मध्ये तिथेच वारला.

खरी गुंतागुंत आहे ती बहिणींच्या सोयरिकीत. एर्मेनगार्डची बहीण आदेलहाईड हिचे लग्न कोनराडशी झाले, आणि हा कोनराड म्हणजे एर्मेनगार्डच्या सावत्र सासूचा, सम्राज्ञी जुडिथचा, सख्खा भाऊ. याच जुडिथच्या मुलाविरुद्ध, चार्ल्सविरुद्ध, लोथार 841 मध्ये फोंतेन्वाच्या रणांगणात उतरला आणि हरला. दुसरी बहीण बर्था गेरार्डची बायको, आणि गेरार्ड होता लोथारच्या पक्षात. साम्राज्याची फाळणी ही या तिघींच्या घरातलीच भांडणे होती. तहनामे वाचून हे कळत नाही, लग्ने पाहिली की कळते.

दुसऱ्या दिवशी स्ट्रासबुर्गहून कोलमारकडे जाणाऱ्या गाडीने एर्स्टाइन गाठले. इल नदीकाठचे हे गाव आज बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्यासाठी ओळखले जाते. इथे एर्मेनगार्डने आयुष्याच्या अखेरीस स्त्रियांचा मठ उभारला आणि 20 मार्च 851 ला ती वारल्यावर तिला इथेच पुरले. तो मठ आता उभा नाही. डोंगरावर सगळे जपलेले पाहून इथे आल्यावर ही पोकळी फार खटकते. सम्राज्ञीच्या नावाने दोन दगड तरी हवे होते.

तिचे तीन मुलगे राजे झाले. धाकटा, प्रॉव्हॉन्सचा चार्ल्स, 863 मध्ये निपुत्रिक वारला. मधला, दुसरा लोथार, बायकोला सोडून प्रेयसी वाल्ड्राडाशी लग्न करू पाहत होता. पोपने ते कधीच मान्य केले नाही. त्यामुळे वाल्ड्राडापासून झालेला मुलगा औरस ठरला नाही. त्याचे नाव पणजोबाचेच, ह्यूगो. 867 मध्ये बापाने त्याला आल्सेसचा ड्यूक केले. 885 मध्ये त्याचे डोळे काढण्यात आले. थोरला, सम्राट दुसरा लुई, याला फक्त मुली.

मुलग्यांकडून वंश असा संपला. आपले जुने कुलवृत्तांत मुलीच्या नावाशी थांबतात. तशी वंशावळ काढली तर एर्मेनगार्डचे पान इथे मिटवावे लागेल. पण लुईच्या एका मुलीला आजीचेच नाव होते, एर्मेनगार्ड. तिचे लग्न बोसोशी झाले, तो प्रॉव्हॉन्सचा राजा झाला, आणि तिचा मुलगा लुई 901 मध्ये सम्राट. वाल्ड्राडाची मुलगी बर्था हिचा मुलगा 926 मध्ये इटलीच्या गादीवर बसला. त्याचेही नाव ह्यूगो.