नागपूरला गेलो भाचीसाठी, अडकलो कलम २७ मध्ये

साताऱ्याहून नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की भुसावळ सोडल्यावर खिडकीतून येतो त्याला वारा म्हणायला जीभ धजत नाही. पहिला दिवस ताईकडे झोपण्यात गेला. दुसरा सावजी रस्सा खाण्यात आणि तो निस्तरण्यात.

ताई आणि भाऊजींचं एसीच्या रिमोटवरून युद्ध चालू होतं. मी पडलो नाही त्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २, पोटकलम ७: कुणाच्या अंतर्गत कारभारात नाक खुपसू नये. सत्तावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवल्याचा घरगुती उपयोग म्हणाल तर हा असा.

गेलो होतो ते चिऊसाठी. भाची अकरावीत आहे आणि त्यांच्याकडे ‘मॉडेल युएन’ होतं, म्हणजे मुलं एकेका देशाच्या नावाची पाटी पुढे ठेवून सुरक्षा परिषद भरवतात. चिऊच्या वाट्याला कोस्टा रिका आला होता. ‘सैन्यच नाही मामा त्यांच्याकडे!’ ही तिची तक्रार. ‘१९४८ पासून नाही, आणि शांतीवर बोलायला तोच देश बरा,’ हे माझं उत्तर. तिला ते पटलं नाही.

सभागृहाबद्दल बोलू नये असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. पालक मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कूलर एकच, तोही पाण्याविना. जेवणाचं कूपन फक्त प्रतिनिधींना. मुलं बिचारी त्या उकाड्यात कोट घालून बसलेली. पाहुण्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही ही पद्धत त्या संस्थेने कुठून आणली कोण जाणे. नागपूरची तरी ती नव्हे.

तर, कुठल्याशा काल्पनिक सीमेवर शांतिसेना पाठवायचा ठराव चिऊने मांडला. दोन तास खपून, एकेकाला पटवून तिने चौदा मतं जमवली. मग ‘फ्रान्स’ची पाटी असलेला मुलगा उठला, कोटाची बाही सारखी केली, ‘विरोध’ म्हणाला आणि बसला. ठराव पडला. कारणही दिलं नाही पोराने.

बाहेर तर्री पोह्यांच्या गाडीवर चिऊ धुमसत होती. ‘चौदा विरुद्ध एक, मामा! चौदा! आणि पडला आमचाच ठराव?’ तर्रीतले चणे तिने एकीकडे सारले. नागपूरची मुलगी चणे सारते म्हणजे प्रकरण गंभीर. माझ्या झोळीत सनदेची छापील प्रत होती, ती तिने ओढून घेतली. ‘हे वाच. संघटना सगळ्या सदस्यांच्या सार्वभौम समानतेवर उभी आहे म्हणते. कलम २. आणि इकडे कलम २७ मध्ये पाच कायम सदस्यांची संमती पाहिजे म्हणते. एकाच पुस्तकात दोन्ही कसं लिहून राहिले हे लोक? आणि तू काय शिकवून राहिला होता इतकी वर्षं?’

काय शिकवत होतो ते सांगतो. उद्दिष्टे चार, तत्त्वे सात. शांतता व सुरक्षितता राखणे, राष्ट्रांत मैत्री वाढवणे, सहकार्य करणे, आणि या सगळ्याचा मेळ घालणारं केंद्र होणे. वाद शांततेने सोडवणे, बळाचा वापर किंवा धमकी टाळणे, वगैरे. मुलं धडाधडा लिहायची, मी मार्क द्यायचो. नकाराधिकार, म्हणजे त्या पाचांपैकी एकाने ‘नाही’ म्हटलं की ठराव पडतो तो, पुढच्या धड्यात, दोन ओळींत, रिकाम्या जागा भरायला. हे दोन्ही एकाच सौद्याचे भाग आहेत हे मी एकाही वर्गात बोललो नाही. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत लहान देशांनी नकाराधिकाराविरुद्ध बरीच आदळआपट केली होती. पण तो नसेल तर आम्ही नाही, ही बड्यांची भूमिका होती, आणि बड्यांविना आधीच्या, पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. २६ जूनला सह्या झाल्या. आपल्याकडून ए. रामस्वामी मुदलियार यांनी केली, तेव्हा इथे राज्य इंग्रजांचं होतं. सार्वभौम समानतेच्या कागदावर पारतंत्र्यातल्या देशाची सही! हेही मी कधी सांगितलं नव्हतं, कारण प्रश्नपत्रिकेत येत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच चालत दीक्षाभूमीवर गेलो. आवार झाडायचं काम चालू होतं, स्तूपापाशी पाच-सात माणसं. तिथे बसून तारीख डोक्यात आली, १४ ऑक्टोबर १९५६, आणि मास्तरकीची खोड म्हणून त्याच महिन्यात जगात काय चाललं होतं ते आठवत गेलो. सुएझ कालव्याचा पेच! महिनाअखेरीस इस्रायल इजिप्तमध्ये घुसला, सुरक्षा परिषदेत ठराव आला, आणि ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरून तो पाडला. हाच फ्रान्स. पण गोष्ट तिथे संपली नव्हती. परिषदेने प्रकरण आमसभेच्या, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेच्या, तातडीच्या अधिवेशनाकडे पाठवलं. ती बाब कामकाजाची, म्हणजे नुसत्या कार्यपद्धतीची, धरली गेली, म्हणून तिला नकाराधिकार लागू नव्हता. कोरियन युद्धाच्या वेळी, १९५० साली, आमसभेने करून ठेवलेला ‘शांततेसाठी एकजूट’ ठराव (परिषद अडली तर प्रकरण आमसभेने हाती घ्यावं, असा) तिथे कामी आला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली. निळ्या टोप्या वेळेत मिळेनात म्हणून हेल्मेटांना निळा रंग फासला. आपले जवानही होते त्यात. गंमत म्हणजे ‘शांतिसेना’ हा शब्द सनदेत कुठेच नाही. यजमान देशाची संमती, निःपक्षपातीपणा, स्वसंरक्षणापुरतंच बळ हे नियम पुढे करता करता ठरले. आणि संमती खरोखरच लागते: १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती काढून घेतली, सेनेला निघावं लागलं. निघता निघता युद्ध पेटलं आणि त्यात आपले जवानही गेले.

धावतच घरी आलो. चिऊ केस विंचरत होती. तिला हे सगळं दहा मिनिटांत सांगितलं. इतकं जीव तोडून मी वर्गात कधी शिकवलं नसेन. तिने तळहातावर ‘१९५०, कामकाजाची बाब’ असं पेनने लिहून घेतलं.

त्या दिवशी मी आत गेलो नाही, कूलरची आठवण ताजी होती. बाहेर गाडीवरच थांबलो. दुपारी ती आली. ठराव आमसभेकडे पाठवायची मागणी तिने केली होती, फ्रान्सवाला म्हणे दचकलाही होता. पण अध्यक्ष झालेल्या मुलाने नियमावली चाळली आणि म्हणाला, आमसभा आपण यंदा ठेवलेलीच नाही.

‘ठेवलेलीच नाही म्हणजे?’ मी.

‘खोली नव्हती.’ मग पोहे मागवले. या वेळी चणे खाल्ले.

परतीच्या गाडीत समोर एक मुलगा स्पर्धा परीक्षेचं गाइड घेऊन बसला होता. डोळे मिटून पुटपुटत होता, उद्दिष्टे चार, तत्त्वे सात. बडनेरा गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, त्याच्याबरोबर कलम २७ वाच, आणि १९५६ सालचं सुएझ. गंमत आहे.

त्याने आदराने विचारलं, ‘काका, हे पेपरला येते का?’

‘सहसा नाही,’ मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि पान उलटलं.