तुम्ही विचारलंत म्हणून: जन्माआधीची आंजर्ल्याची सहल

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्याला गेलो होतो आणि बाळही सोबत होते, असे मी सांगतो, तेव्हा बहुतेक जण विचारतात, "अहो, जे अजून जन्मालाच आलेले नाही, त्याच्यासोबत सहल केली म्हणजे काय केले? त्याला काय कळणार?" विचारणारे आपुलकीने विचारतात, म्हणून नीट उत्तर देतो.

तेव्हा सहावा महिना सरत आला होता. 24 ते 27 आठवड्यांच्या सुमारास गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. मात्र पोटाची भिंत आणि गर्भजल यांतून बारीक, चढे आवाज बरेचसे अडतात आणि खालच्या पट्टीतले आत पोहोचतात. आईचा आवाज तिच्या शरीरातूनच जात असल्याने तो सर्वांत स्पष्ट. नवजात बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतात, हे डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी 1980 मध्ये दाखवले. पुढे 1984 मध्ये वडिलांच्या आवाजाबाबत तसाच प्रयोग झाला, तेव्हा अशी पसंती आढळली नाही. हे वाचून मी खट्टू झालो नाही. अभिमन्यूची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण तिच्यातही चक्रव्यूह सांगणारा अर्जुन जागाच होता. झोप लागली ती सुभद्रेला, आणि गोष्ट तिथेच तुटली. बापाचे बोलणे आईच्या वाटेनेच पोहोचते, हे त्या गोष्टीलाही ठाऊक आहे.

म्हणून आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर आमची एक रीत आपोआप ठरून गेली. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून आम्ही दोघे सावकाश चालायचो. दिसेल ते मी सांगायचो: समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे, त्याच्या अलीकडे हर्णैच्या होड्या आहेत, डावीकडे जोग नदी समुद्राला मिळते. बायको ते ऐकून पोटावर हात ठेवायची आणि स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगायची, "बाळा, बाबा म्हणतोय, तो बघ किल्ला." पुढे पुढे मी उगाच लांबण लावू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, थोडक्यात सांग, मला दम लागतो." आयुष्यात इतके मोजून आणि इतके जपून मी कधी बोललो नव्हतो. सोबत सहल केली म्हणतो, ती मुख्यतः ही.

बाकीची सोबत कामाची होती. पुण्याहून ताम्हिणीमार्गे जाताना गाडीचा पट्टा पोटावरून न घेता खालची पट्टी पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने, आणि वरची पट्टी छातीच्या मधून घ्यायची, हे मी आधी स्वतः नीट समजून घेतले. पाय आखडू नयेत म्हणून दर तासाभराने गाडी थांबवून तिला चार पावले चालवत होतो. कड्यावरच्या गणपतीला एरवी पायऱ्यांनी जाण्याची हौस असते. या वेळी गाडीने वरपर्यंत गेलो.

खरा वाद झाला तो हर्णैच्या बंदरावर. माझ्या आईचे माहेर मालवणकडचे. लिलावात मुशी दिसली आणि तिने हट्टच धरला, कारण बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालायची रीत तिने लहानपणापासून पाहिली आहे. मुशी म्हणजे लहान शार्क. शार्कच्या अंगात पारा साठतो आणि तो गर्भाच्या मेंदूला घातक असतो, म्हणून डॉक्टरांनी तो मासा वर्ज्य सांगितला होता. आईला दुखवणे माझ्या जिवावर आले होते, तरी मी नाही म्हणालो. शेवटी ताजे बांगडे घेतले आणि रात्री आईनेच त्रिफळे घालून त्यांचे तिखले, म्हणजे दाट तिखट कालवण, केले. आई जे खाते त्याची चव गर्भजलात उतरते आणि बाळ ते गर्भजल गिळत असते. गाजराचा रस पिणाऱ्या गर्भवतींच्या बाळांवर झालेला 2001 मधला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. तेव्हा आजीच्या हातची चव नातवंडाने आम्हा सर्वांसोबत घेतली, असे मी म्हणतो. दुसऱ्या दिवशी आईच कोळणीला सांगत होती, "मुशी नको हो, आमच्या सुनेला चालत नाही."

एका पहाटे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहिली. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी पुरून निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी निघणाऱ्या पिल्लांना आई दिसत नाही, बाप तर किनाऱ्यावर येतच नाही. तळहाताहून लहान असे ते एकेक पिल्लू लाटेने उलटेपालटे होऊन पुन्हा पाण्याकडेच वळत होते. पाहणाऱ्यांना कौतुक वाटत होते. मला मात्र, आपल्याला बाप होण्याची वाट पाहता येते आणि ती आतापासूनच पाहता येते, याचे फार मोल वाटले.

बाळ जूनच्या सुरुवातीला अपेक्षित आहे. तेव्हा मासेमारी बंद असेल आणि समुद्र खवळलेला असेल, म्हणून पुढची सहल दिवाळीनंतर ठरवली आहे. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंना बायकोने विचारून ठेवले आहे, की माजघराच्या कड्यांना पाळणा टांगता येईल का. येईल म्हणाल्या.