जुनी रिंग सापडली नाही

सरांचा पहिला फोन आला तेव्हा मी एका पिकअपच्या खाली होतो. क्लच प्लेट हातात, मोबाईल कान आणि खांद्याच्या मधे. कसली तरी बारीक शंका होती, मी उत्तर दिलं, ते "बरं बरं" म्हणाले. असे फोन दिवसात वीस येतात. दुसरा फोन संध्याकाळी पाचला आला, तो मात्र शब्दन्‌शब्द लक्षात आहे. "मिस्त्री, गाडी रिव्हर्स घेईना झालीय. आणि खालून मांजर रडल्यासारखा आवाज येतोय."

सर म्हणजे आयटीआयला फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. गाडी पंधरा वर्षांची सेडान, चार गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी. सव्वा लाख किलोमीटर झालेली. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर त्यांनी घरीच, कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये बदलला होता.

मी म्हणालो, "सर, हलवू नका. मी येतो." टोचन लावून आणा म्हणणं सोपं होतं, पण पुढची चाकं जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढली की गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो. त्याचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद तर वंगण बंद. आमच्या उद्यमनगरातही हे ठाऊक नसलेले गॅरेजवाले आहेत आणि ते क्रेनवाल्याला खुशाल "आण ओढत" म्हणतात.

जाताना डोक्यात निकाल तयार होता. घरी उद्योग केला, काहीतरी चुकलं. हे लोक व्हिडिओ बघतात, दहाचा पाना आणतात आणि आडवे होतात. ड्रेन नट समजून भलताच नट खोलणारे बघितलेत. पॅनला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटलीला, इतका सिलिकॉन फासणारे बघितलेत, की दाबून आत गेलेल्या पट्ट्या नंतर फिल्टरला जाऊन चिकटतात. दुकानात जाऊन "लाल तेल द्या" म्हणणारेही आहेत, आणि देणारेही आहेत. सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला तेल वेगळं लागतं; तिच्यात साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल, ओतून आलेल्या एकाला मी फक्त खुर्ची दिली होती, बसा म्हटलं.

पोर्चमध्ये पोचलो आणि माझा निकाल तिथंच डळमळला. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, अगदी सपाट. जॅक नुसता आधाराला. फरशीवर जुना फ्लेक्स उलटा पसरलेला, त्यावर लाकडाचा भुसा. पॅनचे बोल्ट एका पुठ्ठ्यात, पॅनचा आकार पेन्सिलीनं काढून, ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचून ठेवले होते, ते परत बसवल्यावरचा पुठ्ठा अजून भिंतीला टेकलेला. छोटा टॉर्क पाना डबीत. या बोल्टांना सात-आठ न्यूटन मीटरच्या वर ताकद लागत नाही, आणि आमच्याकडची पोरं ते मनगटाच्या अंदाजानं आवळतात. मीही तेच करतो.

डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची काडी, काढली. त्या गाडीवर तपासायची रीत अशी: तेल सत्तर-ऐंशी अंशांवर, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक घरात थोडा थांबवत न्यायचा, परत पी मध्ये आणायचा, मग काडी बघायची. काडीवर गुलाबी फेस होता. स्ट्रॉबेरी मिल्कशेक.

इथं घाई करणारा माणूस मार खातो. गुलाबी फेस तीन कारणांनी येतो. रेडिएटरच्या पोटात एटीएफ थंड करायची जी नळी असते ती आत फुटली तर पाणी आणि कूलंट तेलात मिसळतं. तसं झालं असेल तर गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा, कारण क्लचच्या कागदी अस्तराचा गोंद पाण्यानं सुटतो. दुसरं, तेल जास्त भरलं तर आतली फिरती चाकं ते घुसळून ताक करतात. तिसरं, पंप कुठून तरी हवा ओढतोय. मी काचेच्या बाटलीत थोडं तेल काढून कट्ट्यावर ठेवलं आणि सरांच्या घरून आलेला चहा घेतला. दहा-बारा मिनिटांत फेस वर येऊन विरला, खाली स्वच्छ लाल तेल. म्हणजे पाणी नाही. पाण्याचं दूध असतं तर तसंच राहिलं असतं.

"सर, तेल जास्त झालंय."

"नाही झालेलं," सर म्हणाले, आणि वही आणली.

शंभर पानी, पुठ्ठा बांधणीची, आयटीआयच्या प्रॅक्टिकलसारखी समास आखलेली. शनिवारी रात्री गरम तेल काढलं, पण मोजलं रविवारी सकाळी, थंड झाल्यावर. कारण नवं तेल थंडच भरायचं होतं, आणि तीन लिटर तेल पन्नास अंश थंड झालं की शंभर मिलिलिटरच्या वर आकसतं. हे मला माहीत आहे का? आहे. मी कधी केलंय का? नाही. आम्ही बाहेर आलेलं तेल डब्यात बघतो, तेवढंच भरतो, काडी बघतो, बिल करतो. सरांचं काढलेलं तेल ३ लिटर १५० मिली. भरलेलं ३ लिटर १५० मिली. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं, ते एका खेपेत निघत नाही. म्हणून दर हजार किलोमीटरनं आणखी दोनदा बदलायचं, हेही पुढच्या पानावर तारीख घालून लिहिलेलं.

चुंबकांचा फोटो छापून चिकटवला होता. पॅनच्या तळाशी चार चुंबकं असतात, त्यांच्यावर लोखंडाचा कीस बसतो. बोटाला लोण्यासारखी राखाडी पेस्ट लागली तर ती वयाची झीज. टोचणारा कण सापडला तर काहीतरी तुटतंय. सरांची पेस्ट होती. वास जळका नाही, रंग काळपट तपकिरी. सव्वा लाखाला ठीकच.

त्याखाली काढलेल्या भागांची यादी. बोल्ट, चुंबकं, पॅन गॅस्केट, फिल्टर, फिल्टरचे तीन बोल्ट. आणि मग:

"ओ-रिंग १ – जुनी सापडली नाही?"

"११.४० – मिस्त्रींना फोन. तेलाबरोबर गेली असेल, नवी घालून पुढं जा, म्हणाले."

बराच वेळ मी ती ओळ वाचत राहिलो. पिकअप, क्लच प्लेट, खांद्यावरचा मोबाईल. हो, हेच विचारलं होतं. आणि हेच सांगितलं होतं. सर शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. मी पान उलटलं.

फिल्टरला वर एक मान असते. ती व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल कुठं जायचं ते ठरवणाऱ्या ठोकळ्याच्या, भोकात बसते आणि मधली रबरी रिंग, तीच ओ-रिंग, ती जागा हवाबंद करते. पंप तिथूनच तेल ओढतो. जुना फिल्टर खाली येताना पंधरा वर्षांची रिंग पुष्कळदा मानेवरून सुटून वर भोकातच चिकटून राहते. काळी रिंग, काळ्या भोकात, काळ्या तेलात. दिसत नाही. नखानं चाचपावी लागते. आता नव्या रिंगसकट नवी मान तिथं घातली की दोन रिंगा एकावर एक येतात, फिल्टर तिरका बसतो, नाहीतर नवी रिंग चिमटून फाटते. मग पंपाला तेलापेक्षा हवा ओढणं सोपं जातं. शहाळ्याच्या नळीला वर भोक पडावं तसं. तेलात बुडबुडे, बुडबुड्यांचा दाब होत नाही, क्लच पकडत नाहीत, पंप कण्हतो. मांजर रडतं.

आम्ही रात्री पॅन उतरवला. सर बॅटरी धरून. तीन बोल्ट काढले, फिल्टर खाली घेतला, रिंगेवर नखाएवढी चीर. मग भोकात करंगळी घातली. पायरी लागली. जुनी रिंग तिथंच होती, दगडासारखी कडक, भोकाच्या कडेला मिसळून गेलेली. ती स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायची नसते. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून परत हवा. माझ्याकडे टूथब्रशचा दांडा घासून केलेलं हत्यार आहे, चपटं टोक, पुढं जरा वाकवलेलं. इतक्या वर्षांत पाच-सहा पोरांना ते करून दिलं, एकानंही जपलं नाही. रिंग दोन तुकड्यांत निघाली. दोन्ही जुळवून सरांनी पांढऱ्या कागदावर ठेवली, व्हर्नियर लावला, जाडी लिहिली.

नवी रिंग सोमवारी सकाळी आणली. दुकानदारानं मापाची तर दिली, पण कुठल्या रबराची ते सांगेना. सर सोबत होते. नायट्राइलची आहे हे पाकिटावर छापलेलं बघितल्याशिवाय ते हलले नाहीत. मी एकटा असतो तर घेऊन निघालो असतो. तेलाचा चार लिटरचा नवा डबा माझ्या खर्चानं. त्यावरून आमचं थोडं झालं. सर म्हणत होते दोन किलोमीटर चाललेलं तेल गाळून घेऊ, मी म्हटलं नाही. बसवताना रिंगेला तेच तेल लावलं, फिल्टर हातानं दाबला आणि तो टक्‌ करून बसला. हा टक्‌ रविवारी झाला नसणार. सरांना विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं नवा आहे म्हणून घट्ट जातोय."

गाडी चालू केली. आवाज नाही. काडी स्वच्छ. रिव्हर्स पडला.

आता जे मला सोडत नाहीये ते. ही गाडी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडेच आली होती, याच कामाला. मी सरांना म्हणालो होतो, लाइफटाइम तेल आहे, हात लावू नका. खरं सांगायचं तर लाइफटाइम वगैरे काही नसतं, शंभरेक अंशांवर सतत घुसळलं जाणारं तेल आयुष्यभर टिकत नाही. मी भ्यायलो होतो. जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं आणि महिन्यानं गिअरबॉक्स घसरायला लागला, तर गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्रीनं बिघडवला. आमच्यातले निम्मे म्हणतात, जुन्या तेलातल्या किसामुळंच झिजलेले क्लच धरून असतात, नवं तेल आलं की सुटतात. उरलेले निम्मे म्हणतात, ते आधीच मेलेले असतात, तेलावर नाव येतं. मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी काम नाकारलं म्हणून सरांना अडुसष्टाव्या वर्षी गाडीखाली आडवं व्हावं लागलं. आणि आडवं झाल्यावर त्यांनी नेमका बरोबर प्रश्न विचारला, तो मी खांद्यावरून झटकला.

रविवारी ते मार्केट यार्डापर्यंत जाऊन आले होते. हवा ओढत, दोन किलोमीटर. परत येताना गाडी घसरत होती. त्या दोन किलोमीटरात रिव्हर्सच्या क्लचचं किती अस्तर गेलं हे गिअरबॉक्स खोलल्याशिवाय कळत नाही, आणि तो आत्ता खोलण्यात अर्थ नाही.

सोमवारी निघताना सरांनी स्टॉपवॉच काढलं. तेल पन्नास ते ऐंशी अंशांत, ब्रेक दाबून, एन (न्यूट्रल) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकायचं आणि धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजायचा. मधे एकेक मिनिट सोडून तीनदा, मग सरासरी. या गाडीला एन ते डी १.२ सेकंदांच्या आत, एन ते आर १.५ च्या आत. आला १.४. आधी किती होता? मी कधी मोजला नव्हता. सरांनीही नव्हता, आणि त्यांच्या वहीत एवढीच एक जागा कोरी आहे. ते म्हणाले, बहुतेक पहिल्यापासून एवढाच असावा. मला खूश करायला म्हणाले की खरंच, कळलं नाही.

व्हिजिटचे पैसे मी घेत नव्हतो. त्यांनी खिशात कोंबले. वर वहीत "११.४०" च्या ओळीसमोर माझ्यादेखत लिहिलं, "सापडली. व्हॉल्व्ह बॉडीत होती." तारीख, वेळ. माझं नाव खोडलं नाही, काही जोडलंही नाही.

तेव्हापासून दर रविवारी व्हॉट्सॲपवर त्या वहीच्या पानाचा फोटो येतो. ७२ अंश, १.४. ७० अंश, १.४. ७१ अंश, १.४. मी अंगठा दाखवतो. काल आलेल्या फोटोत १.५ होतं. पुढं सरांनी काहीच लिहिलं नव्हतं. बुधवारी जातोय त्यांच्याकडे, स्टॉपवॉच माझं घेऊन.