उणे ९.४ आला, मग पुढे?

वनौषधींवर संगणकाच्या मदतीनं होणाऱ्या संशोधनाची एक ठरलेली वाट झाली आहे. एक वनस्पती घ्यायची, डेटाबेसमधून तिची संयुगं उतरवून घ्यायची, आजाराशी संबंधित एखादं प्रथिन निवडायचं, संयुग प्रथिनाच्या खोबणीत कसं आणि किती घट्ट बसेल याचा अंदाज करणारं (यालाच डॉकिंग म्हणतात) ऑटोडॉक व्हिना चालवायचं आणि ज्याचा स्कोअर सर्वांत जास्त उणे, म्हणजे पकड सर्वांत घट्ट, आला त्याला 'संभाव्य औषध' म्हणून प्रबंधात बसवायचं. साध्या लॅपटॉपवर हे दोन दिवसांत उरकतं. पण व्हिनाला काहीही भरवलं तरी ते उणे काहीतरी देतंच. त्यामुळे आकडा आला याला काही अर्थ नसतो. आत काय घातलं आणि आकडा कशाशी ताडून पाहिला, यावर सगळं ठरतं.

उदाहरणासाठी अॅसिटिलकोलिनएस्टरेझ हे एन्झाइम घेऊ. अल्झायमरच्या औषधांचं हे जुनं लक्ष्य आहे आणि त्यावर काम करणारं गॅलँटामिन हे स्नोड्रॉपच्या कुळातल्या वनस्पतींमधूनच आलेलं मान्यताप्राप्त औषध आहे. म्हणजे तुलनेसाठी खरं, वनस्पतीजन्य उत्तर हाताशी आहे. अशी सोय प्रत्येक प्रथिनाबाबत नसते.

बहुतेक चुका संगणक सुरू करण्याआधीच झालेल्या असतात. 'शंखपुष्पी' या एका नावाखाली कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि क्लिटोरिया अशा तीन वेगळ्या प्रजातींतल्या वनस्पती वापरल्या जातात. यादी एकीची, प्रयोगशाळेत आणलेला पाला दुसरीचा, असं सर्रास घडतं. म्हणून यादीच्या प्रत्येक ओळीत पूर्ण लॅटिन नाव, वनस्पतीचा भाग, अर्क काढायला वापरलेलं द्रावक आणि संयुग मुळात ज्या शोधनिबंधात नोंदलं गेलं तो निबंध, एवढं हवंच. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या इम्पॅट डेटाबेसची दुसरी आवृत्ती इथे फार उपयोगी आहे, कारण तिच्यात ४,०१० भारतीय औषधी वनस्पतींची संयुगं मूळ, पान, बी अशी भागवार दिलेली आहेत. मुळात सापडलेलं संयुग पानांच्या अर्काच्या खात्यावर मांडण्याची चूक त्यानं टळते.

स्वतः जीसी-एमएस (मिश्रणातली संयुगं वेगळी करून ओळखणारं यंत्र) वापरून यादी बनवणार असाल तर आणखी एक चाळणी लावा. या यंत्रात फक्त बाष्प होऊ शकणारी संयुगं दिसतात. फ्लॅव्होनॉइड ग्लायकोसाइड त्यात तशी दिसतच नाहीत. उलट थॅलेट आणि सिलोक्झेन मात्र हटकून दिसतात. थॅलेट प्लास्टिकच्या नळ्यांतून येतात, सिलोक्झेन यंत्रातल्या स्तंभाच्या अस्तरातून. यंत्राच्या संदर्भ-लायब्ररीनं जुळवून दिलेलं नाव जसंच्या तसं उचलल्यामुळे थॅलेटसारख्या प्लास्टिसायझरला 'वनस्पतीजन्य घटक' म्हणून डॉक केलेले निबंध छापले गेले आहेत.

यानंतर रचना. स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याची पद्धत) ओळीत त्रिमितीय केंद्रांची, म्हणजे ज्यांच्याभोवतीची मांडणी डावी-उजवी अशी दोन प्रकारे होऊ शकते अशा अणूंची खूण, म्हणजे '@' हे चिन्ह, नसेल तर आरडीकिट हे सॉफ्टवेअर रेणू उभा करताना त्या केंद्राची कुठलीतरी एक बाजू स्वतःच निवडतं आणि तक्रारही करत नाही. गॅलँटामिनमध्ये अशी ३ केंद्रं आहेत, म्हणजे कागदावर ८ शक्यता. आर्टेमिसिनिनमध्ये ती ७ आहेत. त्यामुळे खूण नसलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा आणि मूळ निबंधातून रचना पक्की करा. तेवढ्यानं भागत नसेल तर सगळे समघटक बनवून सगळे डॉक करा आणि तसं लिहा. शिवाय व्हिना नेहमीच्या वापरात एकेरी बंध फिरवतं, पण कडं वाकवत नाही. साखरेचं किंवा ट्रायटर्पिनॉइडचं कडं सुरुवातीला ज्या आकारात दिलं त्याच आकारात शेवटपर्यंत राहतं. अशा रेणूंच्या एकाऐवजी कमी ऊर्जेच्या चार-पाच ठेवणी द्याव्यात.

प्रथिनासाठी पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली मानवी एन्झाइमची ४ईवाय६ ही रचना घ्या. तिच्यात गॅलँटामिन बसलेलंच आहे. ४ईवाय७ मध्ये डोनेपेझिल आहे, ४ईवाय५ मध्ये ह्युपरझिन ए. एक साखळी ठेवा, लिगँड (प्रथिनात बसलेला लहान रेणू) काढा आणि तोच लिगँड नव्यानं बनवलेल्या आकारातून पुन्हा डॉक करा. क्रिस्टलमधल्या जागेपासूनचा आरएमएसडी (अणूंच्या जागांमधलं सरासरी अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवा. क्रिस्टलमधून उचललेला आकार तसाच परत देऊ नका, कारण कड्यांचे आकार आधीच बरोबर असल्यामुळे ही परीक्षा सोपी होते. खरी कसोटी क्रॉस-डॉकिंगची: गॅलँटामिन ४ईवाय७ मध्ये आणि डोनेपेझिल ४ईवाय६ मध्ये. खोबणीतल्या बाजूच्या साखळ्या लिगँडनुसार थोड्या सरकतात आणि नवी संयुगं डॉक करताना आपण नेहमी याच अवस्थेत असतो. पहिली परीक्षा पास आणि दुसरी नापास असेल तर एका रचनेवर विसंबू नका, तिन्ही वापरा.

बॉक्स, म्हणजे व्हिनानं जिथे शोधायचं ती चौकट, लिगँडच्या मध्यावर ठेवून प्रत्येक बाजू २२ ते २५ अँगस्ट्रॉम पुरते. घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हिना स्वतःच इशारा देतं, आणि तो दुर्लक्षून सगळ्या प्रथिनावर 'ब्लाइंड डॉकिंग' करण्याची फॅशन आहे. एग्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा ते ठरवणारा आकडा) मूळचं ८ असतं, ते ३२ करा. वेगवेगळ्या सीडनं, म्हणजे यादृच्छिक शोधाच्या वेगवेगळ्या सुरुवातीच्या आकड्यांनी, तीनदा चालवा. तीन वेळा तीन जागा आल्या तर शोध पुरा झालेला नाही.

आता आकड्याकडे. व्हिनाच्या २०१० च्या मूळ निबंधातच त्याची प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिलेली आहे. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे बंधनशक्तीत दहापट फरक. म्हणजे ही त्रुटी शंभरपटीच्याही पलीकडची झाली. तरीही उणे ९.४ हे उणे ८.९ पेक्षा 'अधिक प्रभावी' अशी वाक्यं दर महिन्याला छापून येतात. दुसरा दोष आकारमानाचा. जितके जास्त अणू तितके जास्त संपर्क, तितका स्कोअर खाली. क्वेरसेटिनमध्ये हायड्रोजन सोडून २२ अणू आहेत, रुटिनमध्ये ४३. समजा क्वेरसेटिनला उणे ८.४ आणि रुटिनला उणे ९.४ मिळाला. दर अणूमागे हे ०.३८ आणि ०.२२ होतात, आणि यादी उलटी होते. त्यात रुटिन तोंडावाटे घेतलं तर आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात आणि शोषलं गेलेलं क्वेरसेटिन रक्तात मुख्यतः ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट रूपात फिरतं. मग नेमकं काय डॉक केलं, हा प्रश्न रास्तच आहे. गॅलँटामिनमध्ये असे अणू फक्त २१. नुसत्या स्कोअरवर यादी लावली तर भल्यामोठ्या ग्लायकोसाइडच्या मागे खरं औषध पडणं अगदी शक्य आहे.

यावर उपाय आहे, फक्त कंटाळवाणा आहे. डीयूडी-ई या संचात अॅसिटिलकोलिनएस्टरेझसाठी सिद्ध रोधक आणि प्रत्येकामागे साधारण ५० फसवे रेणू तयार मिळतात. आकार आणि गुणधर्म मिळतेजुळते, पण रचना वेगळी. आपल्या वनस्पतीची यादी चालवण्याआधी याच बॉक्समध्ये हे सगळे चालवा आणि आरओसी वक्राखालचं क्षेत्रफळ (खरे रोधक फसव्यांपेक्षा वर येतात का याचं माप) काढा. ते ०.५ च्या आसपास आलं तर तुमची मांडणी नाणं उडवतेय. तिथेच थांबा, बॉक्स किंवा रचना बदला.

सगळं बिनचूक केलं तरी काही गोष्टी या पद्धतीला दिसणारच नाहीत. तू यूयू यांच्या गटानं १९७२ मध्ये वेगळं काढलेलं आर्टेमिसिनिन घ्या. त्याचा पेरॉक्साइड पूल परजीवीच्या हीममधल्या लोहाशी भिडून तुटतो, त्यातून मूलकं तयार होतात आणि ती अनेक प्रथिनांना चिकटतात. एका खोबणीत नीट बसणं हा त्याचा गुणच नाही. आजची विद्यार्थ्यांची कार्यपद्धती त्या काळी असती तर आर्टेमिसिनिन बहुधा यादीच्या मध्यावर कुठेतरी राहिलं असतं.

नेटवर्क फार्माकॉलॉजीबद्दल, म्हणजे संयुगं आणि त्यांची लक्ष्य-प्रथिनं यांचं जाळं मांडून निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. कुठलीही वनस्पती, कुठलाही आजार घ्या, शेवटी क्वेरसेटिन, केम्फेरॉल आणि बीटा-सिटोस्टेरॉल एका बाजूला, एकेटी१, टीएनएफ आणि आयएल६ ही प्रथिनं दुसऱ्या बाजूला. ही संयुगं बहुतेक वनस्पतींत असतात आणि या प्रथिनांवर सर्वांत जास्त लिहिलं गेलेलं आहे, म्हणून जाळ्यात त्यांच्या कडा, म्हणजे जोडण्या, जास्त. तपासणी सोपी आहे: तेवढ्याच संयुगांच्या शंभर यादृच्छिक याद्या करून तीच प्रक्रिया चालवा. तीच 'हब' (सर्वाधिक जोडण्यांची) प्रथिनं आली तर निष्कर्ष तुमच्या वनस्पतीचा नाही. पाथवे एनरिचमेंट (लक्ष्यं कुठल्या जैविक मार्गांत जास्त गोळा होतात याची तपासणी) करताना पार्श्वभूमी म्हणून अख्खा जीनोम देऊ नका. तुमचं भाकीत करणारं साधन जेवढी लक्ष्यं देऊ शकतं तेवढीच द्या, नाहीतर पी-मूल्यं हास्यास्पद लहान येतात.

मग संयुग अॅसिटिलकोलिनएस्टरेझला खरंच रोखतं का ते प्रयोगशाळेत पाहणारी एलमन चाचणी. पीएच ८ चं फॉस्फेट बफर, अॅसिटिलथायोकोलिन, थायोलशी (गंधक-हायड्रोजन गट असलेल्या संयुगाशी) विक्रिया होऊन पिवळा रंग देणारं डीटीएनबी, आणि ४१२ नॅनोमीटरला पिवळा रंग किती वेगानं वाढतो ते मोजायचं. अनेक फ्लॅव्होनॉइड स्वतःच पिवळे असतात, म्हणून प्रत्येक प्रमाणासाठी एन्झाइमविना वेगळा ब्लँक लागतो. संयुगं विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ हे द्रावक स्वतःच या एन्झाइमला रोखतं, तेव्हा ते शक्य तितकं कमी आणि सर्व खान्यांत, कंट्रोलमध्येही, अगदी समान ठेवा. गॅलँटामिन प्रत्येक प्लेटवर असलंच पाहिजे. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून पुन्हा मोजा. परिणाम नाहीसा झाला तर रेणूंचे गोळे एन्झाइमला चिकटत होते. अनेक चाचण्यांत खोटे होकार देणारी संयुगं आरडीकिटच्या पेन्स चाळणीनं आधीच खूण करून ठेवा. आणि शेवटचं, जे बहुतेक जण करतच नाहीत: डीटीएनबीमध्ये थोडं थायोल घालून पिवळा टीएनबी आधी तयार करा आणि एन्झाइमविना त्यात फक्त तुमचं संयुग टाका. रंग उतरला तर ते संयुग थायोलशीच विक्रिया करतंय, आणि त्याच्यासाठी एलमन सोडून थायोलवर न चालणारी दुसरी पद्धत शोधावी लागेल.