इंदुरात डॉगवूड नको, कांचन लावा

अमेरिकेतल्या नातेवाइकांचे एप्रिलचे फोटो आले आणि त्यात डॉगवूड हे तिकडचं पांढऱ्या बहराचं लहानसं झाड दिसलं, की ‘हे डॉगवूड आपल्या अंगणात येईल का?’ हा प्रश्न ठरलेलाच. नाही येणार. त्याला आम्लधर्मी, निचऱ्याची माती आणि चांगली थंडी लागते. मालव्याची काळी माती अल्कधर्मी, वर मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. (त्या चार पांढऱ्या ‘पाकळ्या’ म्हणजे रंगलेली पानंच, खरी फुलं मधल्या हिरवट झुबक्यात असतात.)

लहानसं आणि पानं झडल्यावर फुलणारं झाडच हवं असेल तर रक्तकांचन लावा. इथल्या नर्सरीत ‘कचनार’ म्हणून मागा, पण देवकांचन हा त्याचाच भाऊबंद हातात पडू शकतो. तो दिवाळीच्या आसपास, पानं असतानाच फुलतो. फूल असेल तर पुंकेसर मोजा: रक्तकांचनाला बहुधा पाच, देवकांचनाला तीन.

लावायचं ते जुलैत, भिंतीपासून दहा फुटांवर. खड्डा दोन फूट खोल, तीन फूट रुंद. खरा घोळ इथेच होतो. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात वाळू आणि खत भरलं की त्याची टाकी होते. बाजूची चिकण माती पाणी सोडत नाही आणि मुळं श्रावणातच कुजतात. त्यामुळे निघालेलीच माती परत भरा, तिच्यात चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच बसवा. उन्हाळ्यात हीच माती भेगाळून मुळं तोडते, म्हणून बुंध्यापासून चार बोटं सोडून तीन इंच पाचोळा पसरा. पहिले दोन उन्हाळे चार-पाच दिवसांनी पंधरा-वीस लिटर पाणी पुरे.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर लोक युरिया टाकतात. तो नत्राचा नव्हे, लोहाचा प्रश्न. अल्कधर्मी मातीत लोह अडकून पडतं, बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मातीत टाकून फारसा फायदा नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा.

छाटणी फुलं संपताच, एप्रिलमध्ये. डिसेंबरात कात्री चालवली तर येऊ घातलेला बहर फांद्यांसकट कचऱ्याच्या गाडीत जातो.