ऑटिझम असलेल्या मुलासाठी म्युझिक थेरपी, आर्वीकडच्या खेड्यातून माझा अनुभव

आमचं गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. घरी कापूस, सोयाबीन, तूर. मुलगा अंशू आता सात वर्षांचा होईल, त्याला ऑटिझम आहे. नात्यातल्या, ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात की संगीतानं खरंच फरक पडतो का, खेड्यात राहून तुम्ही कसं जमवलं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

तीन वर्षांचा होईपर्यंत नावानं हाक मारली तरी अंशू वळून बघत नव्हता, पण शेजारी मिक्सर लागला की कान दाबून ओरडत सुटायचा. म्हणजे ऐकू तर येतं हे कळत होतं. टीव्हीवरची जाहिरात जशीच्या तशी म्हणणार आणि पाणी पाहिजे असलं की माझा हात धरून माठापाशी नेणार, पाणी शब्द नाही. घरात सगळे म्हणत, "बोलते वं उशिरा, त्याचा बापबी उशिराच बोलला." एका प्रायव्हेट डॉक्टरनंही तेच सांगून टॉनिक लिहून दिलं आणि त्यातच जवळपास वर्ष गेलं, त्या वर्षाचा मला अजून राग येतो. शेवटी अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे मुलांची तब्येत तपासायच्या सरकारी कार्यक्रमाची, टीम तपासणीला आली, त्यातल्या मॅडमनी त्याच्याशी थोडा वेळ खेळून पाहिलं आणि सरळ जिल्हा रुग्णालयात डीईआयसीला, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवलं. ही सोय 0 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि फुकट आहे, पण आमच्याकडे कित्येक घरांना माहीतच नाही.

तिथं आधी कानाची तपासणी, मग आयएसएए नावाची ऑटिझम किती आहे ते मोजायची चाचणी. चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 पासून पुढं ऑटिझम धरतात, 107 ते 153 म्हणजे मध्यम. अंशू मध्यममध्ये आला. मग दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ते ऑनलाइन भरावं लागतं, आमच्या गावच्या सेतूवाल्या पोरानं भरून दिलं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत त्यात ऑटिझम वेगळा धरलाय, त्यामुळं "हा तर चांगला धडधाकट दिसते, याले कायचं सर्टिफिकेट" असं कोणी टेबलामागून म्हटलं तरी ऐकून घ्यायचं नाही, आम्हाला म्हटलं होतं. कार्ड आलं की निरामयचा फॉर्मही भरा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. पावत्या मात्र सांभाळून ठेवाव्या लागतात आणि दरवर्षी रिन्यू करावं लागतं.

आता संगीताचं. स्पीच थेरपीत अंशू टेबलाखाली जाऊन बसायचा, पण तिथल्या मॅडमच्या लक्षात आलं की बाहेर कोणाच्या मोबाईलची रिंगटोन वाजली की तो तीच धून बरोब्बर गुणगुणतो, सुरात. त्यांनीच नागपूरच्या एका म्युझिक थेरपिस्ट ताईंचं नाव दिलं. मला वाटलं गाणं शिकवत असतील, नाहीतर शांत संगीत लावून बसवत असतील. म्हणून पहिल्या दिवशी काय पाहिलं ते नीट सांगते.

पेटी, एक छोटा ढोल, खुळखुळे, एवढंच सामान. अंशू आत गेला आणि भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरायला लागला, फिरता फिरता बोटानं भिंतीवर टक टक टक. ताईंनी त्याला बोलावलं नाही, नाव विचारलं नाही, चॉकलेट दाखवलं नाही. त्याच्या टकटकीच्या चालीवर पेटीवर दोनच सूर धरले. तो जोरात चालला की पेटी जोरात, तो हळू झाला की हळू. बराच वेळ असंच चाललं, माझ्या डोक्यात यायला लागलं की एवढं भाडं खर्चून आपण हे बघायला आलो का. मग तो थांबला. पेटीपण थांबली. त्यानं एकदा टक केलं, पेटीनं एक सूर दिला. दोनदा टक, दोन सूर. आणि मग त्यानं वळून ताईंच्या तोंडाकडे बघितलं. स्वतःहून कोणा नवीन माणसाच्या तोंडाकडे बघताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, मला रडूच आलं.

ताईंनी नंतर समजावून सांगितलं की सगळा जोर या आळीपाळीवर आहे. एक जण करतो, थांबतो, दुसरा करतो, बोलणं पण असंच तर चालतं. लेकराला शब्द जड जातात पण ताल जमतो, म्हणून आधी तालात ही आळीपाळी बसवायची. ही पद्धत आजची नाही, पॉल नॉर्डॉफ नावाचे अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स नावाचे विशेष मुलांचे शिक्षक, या दोघांनी 1959 पासून मुलांसोबत असं जागच्या जागी सुचेल तसं वाजवत काम केलं, आजही जगभर बरेच थेरपिस्ट त्यांच्या वाटेनं जातात.

ताईंची अजून एक गोष्ट मला फार पटली, त्यांनी खोटी आशा नाही दिली. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 मुलांवर मोठा अभ्यास झाला, पाच महिन्यांनी बघितलं तर ऑटिझमच्या सामाजिक लक्षणांत म्युझिक थेरपी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. 2022 मध्ये 26 अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा एकंदर सुधारणा होण्याची शक्यता वाढते असं निघालं, पण बोलण्यात नक्की फरक पडतोच असं त्यातही म्हणता आलं नाही. म्हणून स्पीच थेरपी अजिबात सोडू नका, हे त्यांनी बजावलं आणि आम्ही सोडली नाही.

दर आठवड्याला नागपूर होणं शक्यच नव्हतं. गावातून ऑटोनं तळेगाव, तिथून हायवेवर नागपूरची गाडी, गर्दी असली की अंशू दारातच अडून बसायचा, आणि सोयाबीन सोंगणीला आलं, कापूस वेचणीला आला की घरून दोघांनी निघणं जमतच नाही. मग ताईंनी ठरवलं की महिन्यातून एकदा या, बाकी घरी करा, व्हिडिओ पाठवा. घरी काय वाजवता विचारलं तर मी म्हटलं खंजिरी. माझे मामाजी, म्हणजे सासरे, गुरुदेव सेवा मंडळातले, तुकडोजी महाराजांच्या आश्रमाची मोझरी आमच्यापासून लांब नाही, महाराजांच्या पुण्यतिथीला दरवर्षी जातात, रोज संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थना असते तिथं खंजिरी त्यांच्याकडेच. पण अंशूला त्या झांजांचा आवाज सहन होईना, खंजिरी दिसली की मागच्या खोलीत पळायचा. मामाजींनी एक जुनी खंजिरी काढली आणि प्रत्येक झांजेवर चिकटपट्टी गुंडाळली, नुसतं कातडं वाजेल अशी. ओसरीत बसून दोन थाप मारायचे आणि खंजिरी त्याच्यापुढं सरकवून गप्प बसायचे. किती दिवस त्यानं हातच नाही लावला. मामाजी म्हणत, "राहू दे, त्याले घाई नाही, मग मले काहून?" एवढा धीर माझ्यात नव्हता, खरं सांगते, हे मामाजींनीच केलं. एक दिवस त्यानं एक थाप मारून खंजिरी परत ढकलली. तिथून पुढं झांजांवरच्या पट्ट्या एकेक करून निघाल्या, वर्षभरात दोन सोडून सगळ्या निघाल्या.

मग आली गाळलेल्या शब्दाची पाळी. मी आंघोळीच्या वेळी एक साधी ओळ जुळवली होती, रोज तीच चाल, "अंशू घेतो अंगावर..." आणि इथं थांबायचं. दहा मोजेपर्यंत तोंड बंद ठेवायचं, तांब्या हातात धरून. मध्येच आपणच बोलून टाकावं असं फार वाटतं, टाकायचं नाही. आधी नुसता आवाज आला, मग "पा", मग कधीतरी "पाणी". आणि एके दुपारी माठापाशी उभा राहून चालीशिवाय, साधं, "पाणी" म्हणाला. सासूबाईंनी आख्ख्या गल्लीत गूळ वाटला.

आता तो मोजके शब्द बोलतो, दोन शब्द जोडतो. डोळ्यात बघणं घरच्यांशी येतं, बाहेरच्यांशी कमी. लग्नातला डीजे अजून सहन होत नाही, पोळ्याला बैल सजवायला मदत करतो पण मिरवणूक छतावरून बघतो. झोपेचं गणित पण अजून बसलेलं नाही. यातलं किती संगीतानं झालं, किती स्पीचनं, किती वयानं, मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण दुसऱ्या माणसासोबत काही करण्यात मजा असते हे त्याला खंजिरीनं कळलं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

सांभाळायचं म्हणाल तर, मोबाईलवर "या फ्रिक्वेन्सीनं ऑटिझम बरा होतो" म्हणून कोर्स विकणारे खूप आहेत, आमच्याही नात्यातल्या एकानं हजारो रुपये भरले, मिळाल्या नुसत्या ऑडिओ फाइली. कानात हेडफोन घालून लेकराला एकटं बसवणं म्हणजे थेरपी नाही. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांना आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची, नोंदणी असते, तो नंबर विचारा. म्युझिक थेरपिस्टला कुठं शिकलात, ऑटिझमच्या मुलांसोबत किती काम केलंय हे विचारा, आणि पहिलं सेशन आत बसून बघू द्या म्हणा. बघू देत नसतील तर जाऊ नका.

यंदा अंशू गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातो. परिपाठाला लाऊडस्पीकर लागायचा तेव्हा कान दाबायचा, सरांना प्रमाणपत्र आणि ताईंची चिठ्ठी दाखवली, आता ते त्याला स्पीकरपासून लांब शेवटच्या रांगेत उभं करतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षकही शाळेत येतात, त्यांना आम्ही गाळलेल्या शब्दाची पद्धत दाखवली, ते आता अंक तसेच घेऊन राहिले, पाचपर्यंत आलाय.